रजेचं कारण

"बसणं सोडून काय बी सांगा, भाऊसाहेब."

मिस्त्री माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य, आणि ते निघालं माझ्याच वेंधळेपणामुळं. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्या लातूरला आल्या होत्या, पण खुर्च्या अजून उस्मानाबादेतच होत्या. पाणीपुरवठ्याच्या आमच्या कार्यालयात सतरा माणसं आणि नऊ खुर्च्या. उरलेल्यांनी फायलींच्या गठ्ठ्यांवर बसायचं. अशा टंचाईत मी टेबलासमोर उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाला माझी स्वतःची खुर्ची देऊ केली, आणि आपल्या मनाच्या मोठेपणानं मीच भारावून गेलो.

तो माणूस नको म्हणाला. मी म्हणालो, "बसा हो." तो पुन्हा नको म्हणाला. आपल्याकडं तीनदा आग्रह केल्याशिवाय पाहुणा बसत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तिसऱ्या खेपेला मी उठून त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना खुर्चीत दाबलं.

"आई गं!" म्हणत ते उडालेच. मग दम घेऊन त्यांनी ते वाक्य म्हटलं, आणि माझा चेहरा बघून खुलासाही केला. "मला कॅन्सर झालता. गुदद्वाराचा. शेक घेऊन झालेत, पर जागा अजून नाजूक हाय."

आवाज बेताचा होता, पण कचेरीतले दोन्ही टाईपरायटर थांबले. "पाणी घेता का?" असं मी विचारलं. आमचा माठ तेव्हा तीन दिवस कोरडा होता.

त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणायचे. हातपंप दुरुस्त करायचे. मूळचे मुखेडकडचे, नोकरी आमच्याकडं, राहायला रेणापूरला. त्या भागातल्या वीस-पंचवीस गावांचे पंप त्यांच्याकडं होते. सायकलच्या दांडीला पाने, साखळी, कातडी वॉशरांची पिशवी लटकवलेली असायची, आणि मिस्त्री ती सायकल हातात धरून चालत यायचे. सायकलवर बसलेले कधी कुणी पाहिले नाहीत. एका गावचे सरपंच एकदा म्हणालेही, "मिस्त्री, सायकल तुमाला नेती का तुमी सायकलीला?" मिस्त्री म्हणाले, "सध्या मी नेतोय. तिची बारी आली की ती नेईल."

कामाची त्यांची एक तऱ्हा होती. बंद पंपाची तक्रार आली की ते तो दुरुस्त करतच, पण येताना वाटेवरच्या चालू पंपालाही थांबून दांडा मारून बघत, कान लावून ऐकत, दोन बोल्ट आवळत. बायका हंडे घेऊन खोळंबायच्या आणि चिडायच्या. "ओ मिस्त्री, पाणी येतंय की बदाबदा! कामून हात लावून राहिले?"

"पाणी येतंय तवरच बघायचं, मावशी. बंद पडल्यावर समद्यालाच कळतं."

त्यांच्या आजाराची कथा त्यांनी मला एकदा रस्त्यापलीकडच्या हॉटेलात सांगितली. हॉटेल म्हणजे पत्र्याखाली दोन बाकडी. मी बसलेलो, ते उभे. एक वर्षभर त्यांना रक्त जात होतं. ज्यानं त्यानं सांगितलं, मूळव्याध आहे. मग सुरण खाऊन झालं, ताक पिऊन झालं, कुणाची पुडी, कुणाचा दोरा. जागेवर गाठ लागली तरी सगळे म्हणाले, मूळव्याधीचा कोंब आहे. शेवटी नांदेडच्या एका सर्जननं हातमोजा चढवून बोट घातलं आणि एका मिनिटात तोंड गंभीर केलं.

"वरीसभर मी समद्याला इचारून राहिलो, भाऊसाहेब. पर बोट घालून बघणारा एकच भेटला."

मग परगावी जाऊन औषधं आणि किरणांचे शेक. गाठ विरघळली. पण डॉक्टरांनी बजावलं होतं की आजार गेला म्हणून काम संपलं नाही. पहिली काही वर्षं दर तीन महिन्यांनी यायचं. काही परत उगवत असेल तर ते तिथंच, नाहीतर जांघेत, बारीक असतानाच सापडलं पाहिजे.

"तपासणीला करतात काय?" मी विचारलं. विचारलं आणि पस्तावलो, कारण मिस्त्रींनी उत्तर दिलं.

"डाव्या कुशीवर निजायचं. गुडघे पोटाशी. तोंडानं श्वास सोडायचा. डॉक्टर बोट फिरवून बघतो, मंग बारकी नळी घालून उजेडात बघतो, मंग दोन्ही जांघा चाचपतो. धा मिनटाचं काम."

शेजारच्या बाकड्यावर आडत दुकानाचे अप्पा चहा पीत होते. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, मोठे सोवळे गृहस्थ. त्यांनी अर्धा कप खाली ठेवला. "मिस्त्री, माणसं खाऊनपिऊन राहिलीत इथं."

"खाल्लेलं जातं कुठं, अप्पा?" मिस्त्री म्हणाले.

अप्पा उठून गेले. खरं सांगायचं तर मलाही उठून जावंसं वाटत होतं. मी आस्थापनेचा कारकून. माझं सगळं आयुष्य गोष्टी जरा मऊ करून लिहिण्यात गेलेलं. एखाद्यानं साहेबाला शिवी दिली तर मी 'कर्मचाऱ्याने अनुदार उद्गार काढले' असं लिहायचो. त्यामुळं पुढं जे झालं ते माझ्या हातून होणारच होतं.

मिस्त्रींचा पहिला रजेचा अर्ज आला. मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलेलं: 'मला गुदद्वाराचा कॅन्सर होऊन गेला असून तपासणीसाठी नांदेडला जाणे आहे, तरी दोन दिवस रजा मिळावी.' आमच्याकडं पद्धत अशी की अर्ज खाली ठेवायचा, वर कारकुनानं चार ओळींची टिपणी लावायची आणि साहेबांनी टिपणीवर सही करायची. पान उलटून अर्ज वाचणारा साहेब मी तोवर पाहिला नव्हता. आता टिपणीत 'गुदद्वार' हा शब्द कसा लिहायचा? ती टाईप करायची टायपिस्ट बाईंनी, आणि बाई नव्याच लग्न झालेल्या. मी विचार केला, माणूस भला आहे, त्याची अब्रू आपण राखू. आणि मी लिहिलं: 'अर्जदारास कुलदैवताच्या दर्शनासाठी तुळजापूर येथे जाणे आहे.'

रजा मंजूर झाली. दुसऱ्यांदा झाली, तिसऱ्यांदा झाली. प्रत्येक वेळी मिस्त्री नांदेडला जाऊन यायचे आणि माझ्या टेबलाशी उभे राहून सांगायचे, "साफ हाय." मला वाटायचं, आपण किती नाजूकपणे एका माणसाला सांभाळतोय.

मग तो दुष्काळ आला. आधीचं वर्ष अर्धं गेलं होतं, हे सबंध गेलं. विहिरी आटल्या, बोअरचं पाणी खाली गेलं, गावोगाव पंपात आणखी पाईप सोडण्याचं काम निघालं. वरून हुकूम आला की टंचाई संपेपर्यंत कुणालाही रजा नाही. त्याच आठवड्यात मिस्त्रींचा चौथा अर्ज आला. मी सवयीनं टिपणी लावली. फाईल परत आली तेव्हा तिच्यावर साहेबांचा शेरा होता: 'नामंजूर. देव कुठे पळून जात नाही. पाऊस पडल्यावर जावे.'

मी तो शेरा दोनदा वाचला. दोनदा हसू आलं नाही.

मिस्त्री आले. मी म्हणालो, "रजा नाही मिळाली."

"कामून?"

"टंचाई."

"हाव. लोकांला पाणी तर पायजेच," म्हणाले आणि सायकल धरून निघून गेले.

आता मी काय करायला हवं होतं ते कुणीही सांगेल. उठून साहेबांच्या खोलीत जायचं आणि म्हणायचं, साहेब, मी चुकलो. वीस पावलांचं अंतर होतं. सोमवारी साहेबांची बैठक होती. मंगळवारी साहेबांचा उपास, उपाशी माणसापुढं हा विषय कसा काढायचा? बुधवारी टँकरवरून भांडण. गुरुवारी मलाच सर्दी. असे सहा आठवडे गेले. मिस्त्री रोज कुठल्या ना कुठल्या गावात पाईप ओढून काढत होते, आणि मी रोज त्या वीस पावलांकडं बघत होतो.

सातव्या आठवड्यात दुपारी ते टेबलाशी उभे राहिले. अंगावर चिखल वाळलेला.

"भाऊसाहेब, उजव्या जांघेत गाठ लागली. सुपारीएवढी. दुखत न्हाई."

न दुखणारी गाठच वाईट असते, एवढं आता मलाही ठाऊक होतं.

"तेवढा अर्ज काढा. त्याच्याखालीच लिवतो, गाठ लागली म्हणून. साहेबाला कळंल."

मी कपाट उघडलं, फाईल शोधण्याचं नाटक केलं, दुसरीच काढली, परत ठेवली. शेवटी ती टेबलावर आली. मिस्त्रींनी ती स्वतःकडं फिरवली आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. बोट एका जागी थांबलं.

"हे कुणाचं हाय?"

"तुमचंच."

"माझं? तुळजापूर?"

मी टाचण्यांची डबी उघडली आणि मिटली.

"भाऊसाहेब, आमच्या बापानं दीक्षा घेतली तवा टोपलीभर देव इहिरीत सोडले. तुमी चार ओळीत परत आणले?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मिस्त्री हसले नाहीत. आणि तुम्हाला सांगतो, तोवर ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. त्यांचं घर मला माहीत होतं. त्यांचा 'जयभीम' मी कैकदा ऐकला होता. तरी हात लिहायला लागला की आपला तुळजापूरला जातो.

"किती बारीनं नेलं मला?"

"ही चौथी."

त्यांनी टिपणी उलटली, खालचा आपला अर्ज बघितला, त्यावर तळहात ठेवला. मग हळू बोलले. तेवढंच मला लागलं. "वरीसभर लोकांनी त्याला मूळव्याध म्हटलं, म्हणून तो वाढला. तुमी बी तेच केलं."

मला वाटलं, आता हे निघून जातील. पण ते म्हणाले, "उठा."

"कुठं?"

"साहेबाकडं. तुमच्या तोंडानं सांगा."

साहेबांसमोर मी घसा साफ केला. "साहेब, मिस्त्रींना देवदर्शन... म्हणजे त्यांना एक त्रास... म्हणजे खालच्या बाजूला..." मिस्त्री शेजारी उभे राहून वाट बघत होते, पंपाला दांडा मारून पाणी वर यायची वाट बघतात तसे. शेवटी मी तो शब्द म्हणालो. स्पष्ट, पूर्ण, दारातल्या शिपायालाही ऐकू जाईल असा. त्यामागोमाग 'कॅन्सर' म्हणालो, आणि मग सहा आठवड्यांचं सगळंच बाहेर पडलं.

साहेबांनी टिपणी उचलून खालचा अर्ज वाचला. बराच वेळ वाचला. आपला शेरा खोडला आणि सही केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुम्ही सोबत जा. तुमचीही रजा मंजूर. कारण काय लिहायचं ते आता येत असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो. मिस्त्री दांडीला धरून उभे. त्यांच्यासोबत आपणही उभं राहायचं असं मी घरून ठरवून आलो होतो. चाकूरपर्यंत राहिलो. अहमदपूरला जागा झाली तेव्हा मिस्त्रीच म्हणाले, "बसा, तुमच्या पायांनी काय केलंय?" आणि मी लगेच बसलो.

नांदेडला डॉक्टरांच्या खोलीत हिरवा पडदा होता. मी पडद्याच्या अलीकडं. पलीकडून मिस्त्रींचा आवाज येत होता. "डाव्या कुशीवर हाय. हाव, घ्या." मग डॉक्टर: "जुनी जागा मऊ आहे, साफ आहे." आणि बऱ्याच वेळानं: "ही गाठ मात्र काढावी लागेल. आधी सुईनं पाणी काढून तपासायला देऊ."

तपासणीत जे यायचं ते आलं. आजार तिथं उतरला होता. मी डॉक्टरांना बाजूला गाठून विचारलं, "सहा आठवडे आधी आलो असतो तर?"

डॉक्टर खरं बोलणारे होते. "कदाचित गाठ बारीक सापडली असती. कदाचित सापडलीच नसती, आणि तुम्ही निर्धास्त परत गेला असता. मी सांगू शकत नाही." हे 'सांगू शकत नाही' मी आजही सोबत घेऊन फिरतो. त्याला वजन आहे.

मिस्त्रींनी मागून ऐकलं होतं. म्हणाले, "मागलं सोडा. कवा काढायची ते बोला."

गाठ काढली. जांघेला पुन्हा शेक झाले. पोळ्याच्या सुमाराला मिस्त्री कामावर परत आले. उजवा पाय कायमचा सुजलेला राहिला. चांभाराकडून त्यांनी दोन मापांच्या दोन वहाणा करून घेतल्या आणि सायकल हातात धरून पुन्हा गावं फिरायला लागले. माझ्यावर राग आहे की नाही, ते कधी बोलले नाहीत. फक्त एक नवीन नियम घातला. अर्ज दिला की म्हणायचे, "टिपणी लिवा. आन वाचून दाखवा."

मी वाचायचो. भर कचेरीत. 'अर्जदारास गुदद्वाराच्या कर्करोगाच्या उपचारानंतरच्या तपासणीसाठी...' पहिल्यांदा जीभ अडखळली. दुसऱ्यांदा कान तापले. वर्षभरानं टाईपरायटर थांबायचेही बंद झाले. एकदा तर टाईप करता करता बाईच म्हणाल्या, "भाऊसाहेब, तारीख राहिली सांगायची."

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मिस्त्री पंप दुरुस्त करत असले की आसपास एखादा माणूस उगाच घुटमळायचा. बायका हंडे घेऊन गेल्या की जवळ यायचा, कुजबुजायचा. मिस्त्री वॉशर बसवता बसवता ऐकायचे आणि म्हणायचे, "ताक पिऊन झालं न्हवं? मंग चला आता, बोट घालून घ्या." आपल्या तपासणीच्या फेरीला ते अशा एकेकाला नांदेडला घेऊन जायचे. कोण गेलं, कुणाचं काय निघालं, ते शब्दानं सांगायचे नाहीत. स्वतःचं सगळं चव्हाट्यावर, दुसऱ्याचं पोटात. एकदा मात्र नांदेडच्या गाडीत मिस्त्रींच्या पाठीमागं तोंड लपवून बसलेले आडतीचे अप्पा मी स्वतः पाहिले. चार दिवसांनी अप्पांनी सगळ्या कचेरीला पेढे वाटले. कसले, ते सांगितलं नाही. मिस्त्रींनी दोन खाल्ले आणि म्हणाले, "ग्वाड हायेत."

पाच वर्षं झाली. तपासण्या तीन महिन्यांवरून सहावर, सहावरून वर्षावर गेल्या. त्या चौथ्या अर्जानंतर एकही चुकली नाही. एका वर्षी बोअरच्या कामावरून थेट चिखलाच्या पायांनी गेले, एका वर्षी अंगात ताप असताना. पुढं नोकरी संपली आणि मिस्त्री मुखेडला मुलीकडं राहायला निघाले. मी लातूरच्या स्टँडवर सोडायला गेलो. सामान थोडंच होतं. पान्यांची पेटी त्यांनी नव्या मिस्त्रीला दिली होती आणि दोन तास त्याला समजावलं होतं की चालू पंपाला कान कसा लावायचा.

गाडीत चढताना ते पायरीवर थांबले. माझ्याकडं बघितलं. "भाऊसाहेब, तोंड कामून उतरलंय?"

"कुठं काय."

"बोलायचं हाय का काई?"

बोलायचं होतं. दोन आठवडे मला रक्त जात होतं. मी त्याला उष्णता म्हणत होतो. मिरची बंद केली होती, रात्री सब्जा भिजवून सकाळी पीत होतो. पाच वर्षं ज्या माणसासमोर तो शब्द मोठ्यानं वाचला, तो माणूस हातभर अंतरावर उभा राहून विचारत होता, आणि गाडी सुटायला अजून दोन मिनिटं होती.

"काही नाही," मी म्हणालो. "जपून जा."

कंडक्टरनं दोरी ओढली. गाडी वळली तेव्हा दारातून एक हात बाहेर आला आणि बराच वेळ बाहेरच राहिला.

घरी आलो. बायको अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. मी तिला स्टँडवरचं सगळं सांगितलं. मिस्त्री गेले, आता रेणापूरकडं कोण बघणार, शेवटी ते असं असं विचारत होते, मी काही नाही म्हणालो.

तिनं माझा पायजमा दोरीवरून काढला, झटकला, घडी घातली.

"कपडे मी धुते तुमचे," ती म्हणाली. "दोन आठवडे वाट बघून राहिले, आज सांगतील, उद्या सांगतील. आता जाऊन बघून या, उद्याची नांदेडची पहिली गाडी किती वाजता आहे. मी येते सोबत."